पूर्णविराम कुठे गेला? लास्लो क्रास्नाहोर्काई समजून घेताना

२०२५ सालच्या ९ ऑक्टोबरला हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोर्काईंना साहित्याचं नोबेल जाहीर झालं आणि त्या संध्याकाळपासून मला तीनच प्रश्न ऐकू येत होते. या लेखकाचं नाव उच्चारायचं कसं? हे आहेत कोण? आणि चारशे पानांच्या कादंबरीत एकच पूर्णविराम आहे म्हणतात, ते खरं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: खरं आहे. २०२१ साली आलेली त्यांची 'हेर्श्ट ०७७६९' ही कादंबरी एकाच वाक्यात लिहिलेली आहे. बातम्यांनी तेवढंच उचललं आणि ऐकणाऱ्यांचा समज झाला की हे विद्वानांचं प्रकरण, आपल्याला झेपणारं नाही. हा समज मला मनापासून खोडून काढायचा आहे. कारण या लेखकाचा विषय कुणालाही कळेल असा आहे. तो आहे वाट पाहणाऱ्या माणसांचा. कुणीतरी येईल आणि आपलं भलं करील म्हणून रस्त्याकडे डोळे लावून बसलेली माणसं त्यांच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहेत. त्या लांबच लांब वाक्याचा संबंधही या वाट पाहण्याशीच आहे. तो कसा, हे कळायला थोडं मागून यावं लागेल.

## आधी नाव

हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. म्हणजे तिकडे ते क्रास्नाहोर्काई लास्लो. हंगेरियन लेखनात 'एस' आणि 'झेड' ही अक्षरं शेजारी आली की उच्चार 'स' होतो आणि एकटं 'एस' असलं की 'श'. म्हणून ते 'लास्झलो' नाहीत, लास्लो आहेत. याच नियमानं त्यांच्या देशाची राजधानी बुदापेश्त. त्यांच्याकडचा ऱ्हस्व 'अ' हा 'ऑ'कडे झुकतो, त्यामुळे अगदी कानाला लागेल तसं लिहायचं तर 'क्रॉस्नॉहोर्कॉई' लिहावं लागेल. मराठीत वाचायला सोपं जावं म्हणून मी क्रास्नाहोर्काई लिहितो आहे.

या आडनावामागे एक दुखरी गोष्ट आहे. घराण्याचं मूळ आडनाव कोरिन, आणि घराणं ज्यू. १९३०च्या दशकात, ज्यूंच्या द्वेषाचं वारं वाढत असताना, आजोबांनी ते बदलून अस्सल हंगेरियन वाटेल असं आडनाव घेतलं. क्रास्नाहोर्का हा आज स्लोव्हाकियात असलेला एक जुना किल्ला. आपण ज्यू वंशाचे आहोत हे वडिलांनी मुलाला सांगितलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पुढे या मुलानं एक कादंबरी लिहिली, 'युद्ध आणि युद्ध', आणि तिच्या नायकाचं आडनाव ठेवलं कोरिन.

## सीमेवरचं गाव

जन्म ५ जानेवारी १९५४, गाव द्युला. हंगेरीच्या आग्नेय टोकाला, रुमानियाच्या सीमेला अगदी खेटून. वडील वकील, आई सामाजिक सुरक्षेच्या सरकारी कामात. सपाट, चिखलाचा मुलूख. पहिल्या महायुद्धानंतर १९२०च्या त्रियानोन तहानं हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला, तेव्हा द्युला देशाच्या काठावर येऊन पडलं. लास्लो दोन वर्षांचे असताना, १९५६ साली, हंगेरीत कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. त्यानंतर यानोश कादार सत्तेवर आले ते १९८८पर्यंत. एका पिढीचं बालपण, तारुण्य आणि अर्धं आयुष्य एकाच माणसाच्या राजवटीत सरलं. काही बदलणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी काहीतरी बदलेल असं सगळ्यांना वाटत होतं. हे वातावरण लक्षात ठेवावं, पुढे सतत लागेल.

कॉलेजात त्यांनी आधी कायदा घेतला, मग तो सोडून बुदापेश्तला हंगेरियन साहित्य. प्रबंध लिहिला शांदोर माराई या कादंबरीकारावर, जे कम्युनिस्ट राजवटीमुळे देश सोडून गेले आणि परत आले नाहीत. मधल्या काळात खेड्यापाड्यांत मिळेल ते काम केलं, गायींच्या गोठ्यावर रात्रीची राखणदारीसुद्धा. पहिल्या कादंबरीतला चिखल, पाऊस आणि दारूचा वास हा तिथून आलेला आहे. ग्रंथालयात बसून तो मिळाला नसता.

## सरकारनं चालवून घेतलेली कादंबरी

१९८५ साली 'शातानतांगो' आली. अर्थ सरळ आहे: सैतानाचा टँगो. टँगो म्हणजे जोडीनं करायचं अर्जेंटिनाचं नृत्य.

कम्युनिस्ट राजवटीत असलं पुस्तक छापलं कसं गेलं, असा प्रश्न कुणालाही पडेल. हंगेरीत पुस्तकांसाठी एक अलिखित तीन कप्प्यांची पद्धत होती. तिन्ही शब्द हंगेरियनमध्ये 'त'नं सुरू होतात: तामोगतोत्त म्हणजे पाठिंबा दिलेलं, त्यूर्त म्हणजे चालवून घेतलेलं, तिल्तोत्त म्हणजे बंदी घातलेलं. नाव न घेता, थेट राजकारण न करता लिहिलेलं बरंच काही मधल्या कप्प्यात खपून जायचं. 'शातानतांगो'त पक्षाचं नाव नाही, साल नाही, नेत्याचा उल्लेख नाही. त्यात फक्त एक मोडकळीला आलेली वस्ती आहे. पण १९८५ साली ती वाचणाऱ्या हंगेरियन माणसाला ती वस्ती कुठली हे सांगावं लागत नव्हतं.

## त्या वस्तीत घडतं काय

सामूहिक शेती म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून सरकारी देखरेखीखाली कसायची पद्धत. १९६०च्या आसपास हंगेरीतली बहुतेक शेती अशी एकत्र केली गेली. कादंबरीतली वस्ती अशाच एका शेतीची, पण तीही आता बंद पडलेली. यंत्रं गंजली आहेत, भिंतींना ओल आली आहे, जे जाऊ शकत होते ते गेले. उरलेत मोजकी जोडपी, एक खानावळवाला, एक शाळामास्तर, एक बेवडा डॉक्टर आणि काही अभागी मुली. ऑक्टोबर संपत आलाय, पाऊस लागलाय. वर्षभराच्या कामाचे पैसे हातात आलेत आणि दोघंतिघं ते घेऊन पळून जायच्या बेतात आहेत.

तेवढ्यात बातमी येते की इरिमियाश परत येतोय. हा गोडबोल्या, हुशार माणूस, सोबत त्याचा जोडीदार पेत्रिना. दोघंही मेले असं सगळे समजून होते. बातमी ऐकून पळून जायचा बेत आपोआप रद्द होतो. सगळे खानावळीत जमतात आणि रात्रभर पितात, नाचतात, भांडतात, वाट पाहतात.

त्याच रात्री वस्तीतली एश्तिके नावाची लहान मुलगी, जिच्याकडे कुणाचं लक्ष नाही, आधी आपल्या मांजराला उंदराचं औषध घालते आणि मग स्वतः घेते. खिडकीतून तिनं आतला नाच पाहिलेला असतो.

इरिमियाश येतो तो तिच्या मृतदेहासमोर भाषण करायला. असं भाषण की ऐकणाऱ्याला स्वतःची लाज वाटावी आणि बोलणाऱ्याचे पाय धरावेसे वाटावेत. तो म्हणतो, आपण एक नवी, आदर्श शेती उभी करू. सगळे वर्षभराची कमाई टेबलावर ठेवतात. मग तो त्यांना एका पडक्या वाड्यात नेतो, थांबायला सांगतो आणि शेवटी वेगवेगळ्या गावांना पांगवून टाकतो. हा माणूस पोलिसांचा खबऱ्या आहे, हे वाचकाला ठाऊक असतं. एका प्रकरणात दोन कारकून बसून त्यानं या लोकांविषयी दिलेला अहवाल सभ्य सरकारी भाषेत पुन्हा लिहितात. शिव्या काढायच्या, गचाळ वाक्यं सरळ करायची. माणसाचं आयुष्य फायलीत कसं शिरतं हे इतक्या शांतपणे दाखवणारी पानं मी फार कमी वाचली आहेत.

पुस्तकाची बांधणीही नृत्यासारखी. बारा प्रकरणं, पहिल्या भागात क्रमांक एक ते सहा, दुसऱ्या भागात सहा ते एक. सहा पावलं पुढे, सहा मागे. सगळी धावपळ करून माणसं निघाली तिथंच येऊन ठेपतात. प्रत्येक प्रकरण हा एकच सलग परिच्छेद.

## आता पूर्णविरामाकडे

एक साधा प्रयोग करू. मुलगा क्लासहून यायला उशीर झालाय, बाहेर पाऊस कोसळतोय आणि आई दारात उभी आहे. हे असं लिहिता येईल: 'आठ वाजले. मुलगा आला नाही. पाऊस सुरू होता. आईला काळजी वाटली.' चार वाक्यं, चारही बरोबर. पण आईच्या डोक्यात त्या वेळी पूर्णविराम असतात का? तिथं असं काही चाललेलं असतं: आठ वाजले म्हणजे बस चुकली असणार, पण बस चुकली तर फोन केला असता, फोनची बॅटरी संपली असेल, सकाळी मीच म्हटलं होतं चार्ज कर म्हणून, आणि तो म्हणाला होता नंतर करतो, आणि आता या पावसात तो ओढ्यावरचा पूल, गेल्या वर्षी तिथंच पाणी चढलं होतं, पण नाही, तो शहाणा आहे, तो थांबला असेल, कुणाच्या तरी घरी, पण मग फोन...

मुलगा दारात दिसेपर्यंत हे वाक्य संपत नाही. पूर्णविराम त्याच्या येण्यात आहे, तो आईच्या हातात नाही.

क्रास्नाहोर्काईंची वाक्यं अशी चालतात. त्यांच्या माणसांना भीती वाटते, आशा वाटते, मग आशेचीच भीती वाटते. विचार स्वतःला खोडतो, परत फिरतो, आडवाटेला लागतो, पुन्हा मुद्द्यावर येतो. ते एका मुलाखतीत म्हणाले होते की पूर्णविराम माणसाचा नाही, देवाचा आहे. माणूस खरोखर मनापासून बोलू लागला की एका दमात, स्वल्पविरामांवर श्वास घेत बोलतो. आपल्याकडे मनातलं बऱ्याच दिवसांचं साठलेलं बोलायला बसलेली माणसं आठवून पाहिली तर हे लगेच पटतं.

याचा दुसरा परिणाम वाचकावर होतो. वाक्य संपत नाही म्हणून आपणही ताटकळतो. वस्तीतली माणसं इरिमियाशची वाट पाहतात, आणि आपण पूर्णविरामाची. त्यांची अवस्था आपल्याला सांगितली जात नाही, ती आपल्याला भोगायला लावली जाते. कवितेचा कान असलेल्या त्यांच्या इंग्रजी अनुवादकानं, जॉर्ज सर्तेश यांनी, या गद्याची तुलना सावकाश वाहणाऱ्या लाव्ह्याशी केली आहे, आणि ती मला बरोबर वाटते. लाव्हा घाई करत नाही, पण वाटेतलं काही सोडतही नाही.

## हे हंगेरियन भाषेमुळे होतं का?

अंशतः. हंगेरियन ही युरोपातल्या बहुतेक भाषांच्या कुळातली नाही. तिची नाती फिनिश आणि एस्टोनियनशी, तीही लांबची. चहूबाजूंनी जर्मन, रुमानियन आणि स्लाव्ह भाषा, आणि मध्ये हे बेट.

गंमत अशी की एका बाबतीत ही भाषा इंग्रजीपेक्षा मराठी माणसाला ओळखीची वाटेल. हंगेरियनमध्ये घराला 'हाझ' म्हणतात. 'हाझबन' म्हणजे घरात, 'हाझबोल' म्हणजे घरातून, 'हाझतोल' म्हणजे घरापासून. शब्दाच्या शेपटीला प्रत्यय चिकटतो, आपल्यासारखाच. त्यांच्याकडे तर 'माझं' हेसुद्धा शब्दातच शिरतं: 'हाझाइमबन' या एका शब्दाचा अर्थ 'माझ्या घरांमध्ये'. कोणत्या शब्दाचं नातं कशाशी हे प्रत्ययावरून कळत असल्यानं शब्दांची जागा बरीच हलवता येते, आणि वाक्य लांबलं तरी पीळ सुटत नाही. एका बाबतीत मात्र आपण दोन टोकांना आहोत. मराठीत तीन लिंगं, हंगेरियनमध्ये एकही नाही. तो आणि ती यांना सर्वनाम एकच.

पण भाषा सोय करून देते, शैली देत नाही. हंगेरियनमध्ये छोट्या, टोकदार वाक्यांत लिहिणारे मोठे लेखक आहेत. २००२ साली नोबेल मिळालेले इम्रे केर्तेस यांची 'निर्दैवित्व' ही छळछावणीवरची कादंबरी एका पोराच्या साध्या, थंड निवेदनात आहे. लांब वाक्य ही क्रास्नाहोर्काईंनी केलेली निवड आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण त्यांना इंग्रजीतून वाचणार. त्यामुळे अनुवादकांचं ऋण मान्य केलं पाहिजे. 'शातानतांगो' इंग्रजीत आली २०१२ साली, मूळ पुस्तकानंतर २७ वर्षांनी. २०१५ साली त्यांना मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा सर्तेश आणि ओटिली मुल्झेट या दोन अनुवादकांचाही सन्मान झाला. सर्तेश स्वतः १९५६च्या उठावानंतर लहानपणी हंगेरीतून निर्वासित म्हणून इंग्लंडला आलेले कवी.

## ज्यांनी हे वाक्य कॅमेऱ्यानं लिहिलं

चित्रपट पाहणाऱ्यांना हा लेखक बेला तार या दिग्दर्शकामुळे आधीच माहीत असेल. १९८८च्या 'कारहोझात'पासून २०११च्या 'तुरिनचा घोडा'पर्यंत दोघांनी मिळून काम केलं. १९९४ सालचा 'शातानतांगो' हा चित्रपट सात तासांहून लांब आहे. पहिलंच दृश्य: चिखलातल्या वस्तीतून गायी बाहेर पडतात, घरांच्या कडेकडेनं सावकाश चालत जातात, कॅमेरा त्यांच्या बाजूनं सरकत राहतो आणि काही मिनिटं मध्ये एकदाही कात्री लागत नाही. लांब वाक्याचं चित्रपटातलं रूप म्हणजे हे न तोडलेलं दृश्य. पुस्तक हातात घ्यायचा धीर होत नसेल तर ही सुरुवातीची मिनिटं पाहावीत. लेखकाचा वेग अंगात भिनतो.

## व्हेल मासा आणि जमाव

दुसरी मोठी कादंबरी १९८९ची, 'प्रतिकाराची खिन्नता'. सालाकडे लक्ष द्यावं. त्याच वर्षी पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळल्या. एका छोट्या शहरात कडाक्याच्या थंडीत एक सर्कस येते. सर्कशीत आहे एक भलामोठा मेलेला व्हेल मासा आणि पडद्याआड 'राजपुत्र' म्हणवणारा कुणीतरी. चौकात अनोळखी पुरुष जमू लागतात. ते काही बोलत नाहीत, मागत नाहीत, नुसते उभे असतात. पुढे ते शहर मोडून टाकतात.

या सगळ्यात यानोश वालुश्का नावाचा एक भाबडा तरुण आहे, ज्याला शहर वेडा समजतं. रोज रात्री गुत्त्यात तो दारुड्यांना उभं करून एकाला सूर्य, एकाला पृथ्वी, एकाला चंद्र बनवतो आणि खग्रास ग्रहण कसं होतं ते दाखवतो. तोल जाणारी माणसं एकमेकांभोवती फिरतात आणि क्षणभर त्या गुत्त्यात विश्वाची व्यवस्था उभी राहते. शेवटी मात्र सत्ता जाते ती स्वच्छतेच्या आणि शिस्तीच्या गोष्टी करणाऱ्या एका महत्त्वाकांक्षी बाईच्या हातात, जिनं गोंधळ मुद्दाम वाढू दिलेला असतो. जमाव आणि व्यवस्था या एकमेकांच्या शत्रू नसून कधीकधी हातात हात घालून येतात, हे त्यांनी १९८९ साली लिहून ठेवलं होतं.

## क्योतोतला बगळा

१९८७ साली ते पहिल्यांदा देशाबाहेर पडले, पश्चिम बर्लिनला. त्यानंतर त्यांचे पाय फिरत राहिले. १९९०मध्ये मंगोलिया आणि चीन, पुढे जपान, क्योतोतला मुक्काम. न्यूयॉर्कमध्ये 'युद्ध आणि युद्ध' लिहिताना अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग यांच्या घराचा आसरा मिळाला.

या प्रवासातून २००८ साली 'सेइओबो खाली येऊन गेली' हे पुस्तक आलं, आणि मला ते सर्वांत प्रिय आहे. सेइओबो ही जपानी कथांमधली देवी. पुस्तकाची सुरुवात क्योतोच्या कामो नदीत निश्चल उभ्या असलेल्या पांढऱ्या बगळ्यानं होते. तो माशाची वाट पाहतोय. इथेही वाट पाहणंच, पण किती वेगळं! इरिमियाशची वाट पाहणारी माणसं स्वतःचं सगळं सोडून देऊन बसली होती, हा बगळा मात्र सगळा जीव डोळ्यांत आणून उभा आहे. त्याच्याकडे शहरातलं कुणी वळूनही बघत नाही.

पुढच्या प्रकरणांत बुद्धमूर्तीची डागडुजी करणारे कारागीर येतात, दर २० वर्षांनी नव्यानं बांधलं जाणारं जपानातल्या इसे इथलं मंदिर येतं. अथेन्सला अक्रोपोलिसची प्राचीन मंदिरं पाहायला आयुष्यभराची इच्छा घेऊन आलेला एक माणूस येतो. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हामुळे त्याला डोळे उघडताच येत नाहीत आणि जे पाहायला आला ते दिसतच नाही.

प्रकरणांचे क्रमांक १, २, ३, ५, ८, १३ असे चढत २५८४पर्यंत जातात. आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. जग याला फिबोनाची मालिका म्हणतं, पण इटलीच्या फिबोनाचीच्या आधी, बाराव्या शतकात, जैन आचार्य हेमचंद्रांनी छंदशास्त्रात लघु-गुरूंची मोजणी करताना हेच आकडे मांडले होते. वाढत्या आकड्यांबरोबर पुस्तकाचा आवाका वाढल्यासारखा वाटतो.

## 'पण इतकं निराश का वाचायचं?'

हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त ऐकायला मिळाला, आणि तो टाळण्यासारखा नाही. अमेरिकन समीक्षक सुझन सोन्टॅग यांनी त्यांना प्रलयाचा उस्ताद म्हटलं होतं. स्वीडिश अकादमीनंही पुरस्कार देताना प्रलयाच्या दहशतीचा उल्लेख केलाच, पण त्याच वाक्यात म्हटलं की हे लेखन कलेचं सामर्थ्य पुन्हा ठासून सांगतं. हे दोन्ही एकत्र कसं?

माझं उत्तर असं. त्यांच्या पुस्तकांत जगाचं वाटोळं होतं, पण एकाही माणसाला ते घाईनं उरकत नाहीत. एश्तिकेसारख्या पोरीला, जिच्यासाठी वस्तीत कुणाला पाच मिनिटं नव्हती, ते अख्खं प्रकरण देतात आणि तिच्या मनातला एकही कोपरा सोडत नाहीत. लांब वाक्य म्हणजे न हटवलेली नजर. ज्या जगात सगळे दुसरीकडे बघतात, तिथं इतका वेळ एकाकडे बघत राहणं ही मला आशेचीच गोष्ट वाटते.

७ डिसेंबर २०२५ला नोबेलच्या भाषणात ते म्हणाले की आशेवर बोलायचं होतं, पण माझ्याकडचा साठा संपलाय, म्हणून देवदूतांवर बोलतो. भाषणात पुढे बर्लिनच्या भुयारी रेल्वेचा एक प्रसंग आला. एक बेघर माणूस मनाई असलेल्या जागी, वेदनेनं वाकून लघवी करतोय. समोरच्या फलाटावरून पोलीस त्याला पाहतो. मध्ये रुळांची खाच. पोलिसाला वळसा घालून यावं लागणार, त्या माणसाला पळावं लागणार आणि त्याला धड चालताही येत नाही. वर्षानुवर्षं हे दृश्य या लेखकाच्या मनातून गेलेलं नाही.

## 'मग त्यांचं राजकारण काय?'

ते कुठल्या पक्षाचे लेखक नाहीत, पण गप्पही नाहीत. शेजारच्या युक्रेनवर रशियानं हल्ला केल्यावर हंगेरीच्या सरकारनं तटस्थतेची भाषा केली, तिच्यावर त्यांनी उघड टीका केली. युक्रेनच्या खंदकात मरणाच्या दारात असलेल्या दोन सैनिकांवर त्यांनी कथाही लिहिली. तरी नोबेल मिळाल्यावर पंतप्रधान व्हिक्तोर ओर्बान यांनी हंगेरीचा अभिमान म्हणून त्यांचं अभिनंदन केलं.

कादंबऱ्यांत हे राजकारण माणसांच्या रूपानं येतं. २०१६च्या 'बॅरन वेंकहाइम घरी परततो'मध्ये जुगारात बुडालेला एक म्हातारा बॅरन, म्हणजे सरदार, अर्जेंटिनाहून जन्मगावी येतो. त्याला फक्त तरुणपणीच्या प्रेयसीला भेटायचंय. गावाला मात्र वाटतं, हा कुबेर आला, आता सगळं मार्गी लागणार. बँडबाजा, सत्कार, अर्ज. पुन्हा तेच डोळे लावून बसणं, फक्त या वेळी येणारा ठग नाही, कफल्लक आहे. 'हेर्श्ट ०७७६९'मध्ये जर्मनीतल्या एका गावचा दांडगा, भोळा फ्लोरियान विश्वाचा नाश जवळ आलाय या भीतीनं चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांना पत्रावर पत्रं लिहितो आणि उत्तराची वाट पाहतो. त्याचा मालक नवनाझी आहे आणि त्याच वेळी बाखच्या संगीताचा भक्त. शीर्षकातला आकडा म्हणजे पत्ता, पिनकोड. उत्तर यावं म्हणून लिहिलेला.

## कुठून सुरुवात करावी

पुस्तकं न वाचलेल्यांनी काय वाचावं, असं २०१५ साली विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं की काही वाचू नका, बाहेर जाऊन एखाद्या ओढ्याकाठी दगडासारखे शांत बसा. कधीतरी माझी पुस्तकं वाचलेलं कुणीतरी भेटेल. मला मात्र ठोस सल्ला द्यावासा वाटतो: 'शातानतांगो' घ्या. 'हेर्श्ट'नं सुरुवात करू नका. आणि मोठ्यानं वाचा. मी पहिल्यांदा मनात वाचत होतो आणि विसाव्या पानाला पुस्तक मिटलं. काही महिन्यांनी रात्री घरात कुणी नसताना ओठ हलवत वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की स्वल्पविराम कुठे श्वास घ्यायचा ते सांगतात आणि वाक्य आपोआप पुढे नेतं. एका बैठकीत एक प्रकरण, जास्त नाही. मध्येच थांबलात तर पुन्हा धागा सापडायला त्रास होतो.

पहिल्या पानावर ऑक्टोबरच्या शेवटची पहाट आहे. लांबलेल्या पावसाचे पहिले थेंब पडायच्या आत फुताकी नावाचा लंगडा माणूस घंटानादानं जागा होतो. त्या भागात घंटा असलेलं देऊळ नाही. जवळात जवळचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, पडून गेलंय आणि तिथं घंटा उरलेली नाही. मग आवाज कुठून? शेवटच्या प्रकरणात, सगळे निघून गेल्यावर, वस्तीत एकटा उरलेला डॉक्टर तोच आवाज ऐकतो आणि चिखलातून त्याच्या मागे जातो. पडक्या चॅपेलात एक वेडा माणूस तुर्क येताहेत म्हणून ओरडत घणघणाट करत असतो. डॉक्टर घरी येतो, फळ्या ठोकून स्वतःला आत कोंडून घेतो, वही उघडतो आणि लिहू लागतो: ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी, लांबलेल्या पावसाचे पहिले थेंब पडायच्या आत, फुताकीला घंटांच्या आवाजानं जाग आली.